वाहनाचे पादप्रक्षालन

मोटारीच्या सगळ्या अवयवांत चाक हा एकच अवयव असा आहे की, जो मळण्यासाठीच जन्माला आलेला असतो, आणि तरीही तो मळलेला दिसला की लोकांना मालकाच्या संस्कारांविषयी शंका येऊ लागते. टपावर धूळ असली तर पाहणारा रस्त्याला दोष देतो, काचेवर डाग असले तर कबुतरांना देतो. चाकांवर काळपट थर दिसला, की मात्र तो थेट मालकाच्या तोंडाकडे पाहतो. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला रोज पहाटे एक मुलगा येतो. एक बादली आणि एक फडके एवढ्या भांडवलावर तो संपूर्ण पार्किंग उजळून टाकतो, पण चाकांना तो हात लावत नाही. ‘चाकं आपल्यात बसत नाहीत, काका,’ असे त्याने मला पहिल्याच महिन्यात स्वच्छ सांगितले होते. विचार केल्यावर त्याचे हे वागणे मला उपकारासारखे वाटू लागले. कारण त्याच फडक्याने त्याने आधी चाके आणि मग बॉनेट पुसले असते, तर चाकांवरच्या कणांनी बॉनेटवर कायमची नक्षी उमटली असती. तात्पर्य, चाकांसाठी बादली वेगळी, फडके वेगळे, ब्रश वेगळा आणि माणूसही वेगळा लागतो. तो माणूस म्हणजे मी.

नवरात्राच्या शेवटच्या दिवसांत, दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची म्हणून, हे काम माझ्याकडे दरवर्षी चालत येते. पावसाळाभर राजापूरच्या वाटेवरची तांबडी माती खाऊन चाके तृप्त झालेली असतात. ही माती निदान प्रामाणिक असते. पाणी मारले की निघते. खरा शत्रू तिच्याखाली बसलेला असतो. ब्रेक दाबला की ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर घासते, दोघांचीही बारीक भुकटी उडते आणि ती तापलेली भुकटी रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या भागावर, जाऊन चिकटते. त्यात लोखंडाचे कण असल्यामुळे त्यांना पुढे गंजही चढतो. गाडी थांबवण्याचे बरेचसे कष्ट पुढच्या चाकांना पडतात, म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा कितीतरी अधिक काळी होतात. शिवाय माझ्या गाडीला मागे उघड्या डिस्क नसून बंद डब्यासारखे ड्रम आहेत, आणि ड्रम आपली घाण आपल्या पोटात ठेवतो. हा गुण मला फार आवडतो, पण तो पुढच्या चाकांना शिकवता येत नाही.

मी छोटा पाट घेऊन चाकासमोर बसलो की तळमजल्यावरचे नाना बाहेर येतात. नानांनी स्वतःची गाडी कधी धुतल्याचे कोणी पाहिलेले नाही, परंतु धुण्याच्या शास्त्रावर त्यांचा अधिकार मोठा आहे आणि त्या शास्त्राचा पाया शक्ती हा आहे. ‘तारेची घासणी घ्या,’ हा त्यांचा पहिला उपाय. अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या, रिमवर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो, तारेची घासणी प्रथम तोच सोलून काढते आणि मग उघड्या पडलेल्या धातूवर पांढरे चट्टे उठतात, हे मी त्यांना समजावून सांगतो. त्यावर ते फरशीचे ॲसिड सुचवतात. तेही त्याच लॅकरच्या मुळावर येते म्हटल्यावर ते टायरकडे वळतात आणि डिझेलचा बोळा फिरवायला सांगतात. डिझेलने टायर काळाभोर दिसतो यात शंका नाही; रस्त्याकडेच्या कित्येक गॅरेजांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र पेट्रोलियमचे तेल रबरात मुरून त्याला फुगवते आणि कमकुवत करते, तेव्हा हा काळेपणा टायरच्या आयुष्यातून वजा होत असतो. ‘तुम्ही फार वाचता,’ असे म्हणून नाना खुर्ची मागवतात.

काम खरे तर शक्तीचे नसून क्रमाचे आहे. गाडी बाहेरून आल्या आल्या चाकांवर थंड पाणी ओतायचे नाही. तापलेल्या रिमवर साबण आणि औषध पाहता पाहता वाळते आणि त्याचे डाग राहतात, शिवाय तापलेल्या डिस्कलाही असा अचानक गारवा मानवत नाही. गाडी सावलीत उभी करून चाके हाताला गार लागेपर्यंत थांबायचे. सगळे अंग धुण्याआधी चाके धुवायची, म्हणजे त्यांचे शिंतोडे धुतलेल्या दारांवर उडत नाहीत. आणि एका वेळी एकच चाक घ्यायचे. चारही चाकांना एकदम साबण फासून ठेवला, तर चौथ्यापाशी पोहोचेपर्यंत पहिल्यावरचा साबण वाळून चिकटलेला असतो.

आधी जोरात पाणी मारून सुटी माती घालवली, की रिमवर ते खास औषध फवारायचे, जे लोखंडाच्या कणांशी संयोग पावून जांभळे होते. बाटली बिनॲसिडची आहे, हे मात्र तिच्या पाठीवर वाचून घ्यावे लागते. त्याच्या वासाविषयी शिष्ट भाषेत एवढेच म्हणता येईल की, केस कुरळे करण्याच्या औषधात ज्या कुळातले रसायन असते त्याच कुळातले हेही आहे, आणि नासक्या अंड्याची आठवण दोघेही सारख्याच निष्ठेने करून देतात. दोन-तीन मिनिटांत रिमवरून जांभळे-लाल ओघळ वाहू लागले, तेव्हा पहिल्या मजल्यावरची एक चिमुरडी ‘आजी, गाडीला रक्त आलं!’ असे ओरडत घरात पळाली आणि पार्किंगमधली प्रेक्षकसंख्या अचानक वाढली. वॉचमनही आला. त्या सर्वांसमोर हातमोजे घालून मी मऊ ब्रशने रिमच्या आऱ्या, रंगकामाच्या जुन्या ब्रशने नटांच्या खोबणी, आणि बाटल्या धुण्याच्या ब्रशने रिमची आतली बाजू साफ केली. आतल्या बाजूला बॅलन्सिंगची छोटी वजने चिकटवलेली असतात. त्यांना घाण समजून खरवडले, तर चाक स्वच्छ होते आणि स्टिअरिंग थरथरू लागते. नानांचे मत ती वजनेही काढून घासावीत असे होते.

मग टायर. काळा टायर तपकिरी का दिसतो, याचे उत्तर नानांच्या मते चिखल हे आहे आणि ते अर्धेच खरे आहे. ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात एक रसायन मिसळलेले असते. टायर फिरत-वाकत असताना ते हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवेत तपकिरी पडते. म्हणजे तो टायरने स्वतःच्या रक्षणासाठी आतून काढलेला मळ असतो. मुळात रबर काळे नसतेच. मजबुतीसाठी त्यात काजळी घालतात म्हणून ते काळे होते. मिशलँ कंपनीचा १८९८ सालचा तो टायरांचा गुबगुबीत बाहुला पांढरा आहे, तो त्या काळचे टायर फिकट असत म्हणूनच. हे ऐकल्यावर नानांनी वॉचमनकडे पाहिले आणि वॉचमनने माझ्याकडे.

टायरला ब्रश ताठ लागतो. साबण लावून घासले की पहिला फेस चहाच्या रंगाचा निघतो. धुवून पुन्हा घासायचे, आणि फेस पांढरा येईपर्यंत थांबायचे नाही. तो पांढरा येईपर्यंत गुडघ्यांतून येणारे आवाज प्रेक्षकांनाही ऐकू जातात. इतके करूनही जमिनीला टेकलेला भाग तसाच राहतो, कारण तिथे ब्रश पोहोचत नाही. तो वर आणायचा तर चाक अर्धा वेढा फिरवले पाहिजे. माझ्या टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले आहे; म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. या हिशेबाने अर्ध्या वेढ्याला गाडी जवळजवळ एक मीटर हलवावी लागते. पुढे भिंत आहे आणि मागे कोणाची तरी स्कूटर हँडल लॉक करून उभी आहे. मालकाचा शोध, किल्लीचा शोध, मग वॉचमनचे ‘येऊ द्या, येऊ द्या, बास!’ आणि या सगळ्यानंतर पदरात पडते काय, तर टायरचा वीतभर भाग.

त्याच वीतभर भागात आकडे होते. घासल्यावर अक्षरांच्या एका ओळीच्या शेवटी चार अंक उजळले: ३७१९. नाना चष्मा पुसून खाली वाकले. हा टायर २०१९ सालच्या सदतिसाव्या आठवड्यात तयार झाला, एवढाच त्याचा अर्थ. पण पाच वर्षे उलटल्यावर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा असे टायर बनवणारेच सांगतात, हे नेमके त्या दिवशी नानांनाही ठाऊक निघाले. चिखलाखाली सुखाने झाकलेले ते वय सोसायटीभर झाले. ‘पॉलिश जरा जाड लावा, म्हणजे दिसणार नाही,’ असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले.

पॉलिश जाड लावायचे नसते. आमचे पाणी बोअरचे, वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके सोडणारे. त्यामुळे चाके आधी फडक्याने कोरडी करावी लागतात. मग पाण्यावर आधारलेले पॉलिश स्पंजवर घेऊन टायरच्या फक्त बाजूंना पातळ लावायचे, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याला चुकूनही नाही, कारण घसरायला रस्ते समर्थ आहेत. ते मुरू देऊन उरलेले पुसून घेतले नाही, तर पहिल्याच फेरीत त्याचे थेंब दारांवर उडतात. शेवटी ब्रेक ओले असतात म्हणून गाडी पार्किंगमध्येच सावकाश पुढे-मागे करून ते दाबून पाहिले.

दसऱ्याच्या सकाळी डिस्कवर नारिंगी गंज चढलेला पाहून नानांनी ‘ब्रेक गेले’ असे जाहीर केले. उघड्या लोखंडाला रात्रभर ओल मिळाली की तो चढतोच आणि पहिल्या दोन-चार ब्रेकांत जातो, हे माझे स्पष्टीकरण आरतीत बुडून गेले. झेंडूचा हार चढला, स्वस्तिक झाले, प्रत्येक चाकाला हळदकुंकू लागले आणि पत्नीने चारही चाकांखाली एकेक टपोरे लिंबू ठेवले. मी गाडी पुढे घेतली. फट्‌ फट्‌ आवाज झाले आणि बिया व रस थेट अलॉयवर उडाले. लिंबाचा रस हे शेवटी आम्लच, म्हणून मी उतरून बादलीकडे धावलो; तोच नानांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘आता पाणी कशाला घालताय? आयतं लिंबू मिळालंय, थोडं मीठ टाकून घासून घ्या.’