सत्काराला बोलावता की पोराचा अपमान करायला?

काल आमच्या मंडळाचा दहावी-बारावीचा गुणगौरव होता. भाच्याला ७८ टक्के पडले, त्याचंही नाव होतं, म्हणून आख्खं घर गेलेलो. पाहुणे कोण तर एक क्लासवाले सर. प्रत्येकाला गुलाब आणि पाकीट द्यायचं आणि माइक तोंडाशी धरून विचारायचं, पुढे काय? सायन्स म्हटलं की टाळ्या, कॉमर्स म्हटलं की त्याहून कमी टाळ्या. आमच्या पोराने स्वच्छ सांगितलं, "आयटीआय, इलेक्ट्रिशियन." तर हा माणूस माइकवरून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणतो, "अरे बाळा, ७८ टक्के वाया घालवतोस? घरी काही अडचण आहे का?" पुढच्या रांगेतले काहीजण हसले! पोरगं कानापर्यंत लाल झालं, आणि ताईने मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. घरी येऊन पाकीट उघडलं तर आत १०१ रुपये आणि त्याच क्लासचं पत्रक, अकरावी-बारावी प्लस जेईई, लवकर प्रवेश घेणाऱ्याला फीमध्ये सवलत. अरे सत्कार करायला आलेलास की गिऱ्हाईक शोधायला?

आणि अडचण कसली रे? पोराला आठवीपासून वायरिंगचं वेड, सुट्टीत बिल्डिंगमधल्या वायरमन काकांच्या मागे मागे फिरायचा, बोर्डातला एमसीबी, म्हणजे तो आपोआप पडणारा स्विच, सारखा सारखा ट्रिप का होतो हे मला त्याने शिकवलंय. दोन वर्षांचा कोर्स, मग १९६१ च्या कायद्याखाली अ‍ॅप्रेंटिसशिप, तीही स्टायपेंड घेऊन, आणि पुढे शिकावंसं वाटलंच तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, तिथून इंजिनिअरिंगलाही. कुठला दरवाजा बंद झाला? ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने कॉलेजला जावंच, कोण नको म्हणतंय, पण ज्याला नाही जायचं त्याला सगळ्यांसमोर भिकारी का ठरवता?

शाळेचा पण राग आहेच. वर्षभर सराव परीक्षा घेतल्या, पण तालुक्याच्या आयटीआयचं वर्कशॉप एकदा नेऊन दाखवलं नाही, आणि करिअर मार्गदर्शनाला बोलावलं कोणाला, तर परत क्लासवाल्यालाच. नातेवाईक तर विचारूच नका. यांचीच पोरं बीई करून २०२३ ला तलाठी भरतीच्या रांगेत होती, ४,६४४ जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज, ओपनवाल्याला फी हजार रुपये. त्या पोरांचा काही दोष नाही, चांगली हुशार पोरं आहेत, त्यांना दुसरा रस्ता कोणी दाखवलाच नाही. लग्नाच्या बायोडेटात "मुलगा ग्रॅज्युएटच हवा", आणि रात्री दहाला घरातली लाइट गेली की त्याच वायरमनला दहा फोन, तेही अरे-तुरे करून. क्लासवाल्याला मात्र अहो सर, या सर, बसा सर.

पोरगं रात्री जेवलं नाही. सकाळी मला विचारतं, "मामा, मी सायन्सचाच फॉर्म भरू का?" इतका संताप झाला ना माझा! एका माणसाने दोन वाक्यांत पोराचा दोन वर्षांचा विचार हलवून टाकला. मी म्हटलं नाही, तू ठरवलंयस तेच करायचं. एलसी, मार्कलिस्ट, डोमिसाईल सगळं फाइलला लावलंय, उद्या अर्ज कन्फर्म करायला त्याच्यासोबत मी स्वतः जातोय. आणि मंडळाने पुढच्या वर्षी परत याच माणसाला स्टेजवर बसवलं, तर वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन माझ्या दारात कोणी यायचं नाही.