गोष्टीला पडलेले प्रश्न वर्गात आणा

एखादी लोकप्रिय कादंबरी घ्यायची आणि तिच्या आधाराने शाळेतले निरनिराळे विषय शिकवायचे, ही कल्पना शिक्षकांच्या बोलण्यात आता बरेचदा येते. बहुतेक वेळा पुस्तक असतं हॅरी पॉटर. मी गणित आणि विज्ञान शिकवते, आणि मला ही कल्पना मनापासून पटते. म्हणूनच प्रत्यक्षात तिचं जे होतं ते बघून जीव तुटतो. 'हॅरीकडे १२ चॉकलेटं होती, त्यातली ५ त्याने रॉनला दिली, तर किती उरली?' चित्रकलेत घुबड काढा, भूगोलात किल्ल्याचा नकाशा रंगवा, झाला प्रकल्प. त्या गणिताचा त्या गोष्टीशी बादरायण संबंधसुद्धा नसतो. हॅरीच्या जागी कुणाचंही नाव घाला, काही बिघडत नाही. मुलांना हे पहिल्या मिनिटात कळतं आणि त्यांच्या आवडत्या पुस्तकाचा आपण आमिष म्हणून वापर केला, हेही कळतं.

माझी कसोटी एकच आहे. हा प्रश्न गोष्टीतल्या कुणाला पडलाय का? किंवा गोष्ट लक्ष देऊन वाचणाऱ्याला तो पडल्याशिवाय राहणार नाही, असा आहे का? असेल तर खुशाल वर्गात आणा, तो कुठल्याही विषयाचा असो. नसेल तर नेहमीचं उदाहरण द्या आणि पुस्तकाला हात लावू नका.

पहिल्याच पुस्तकात हॅग्रिड हॅरीला जादूगारांचे पैसे समजावून सांगतो. १ गॅलियन म्हणजे १७ सिकल आणि १ सिकल म्हणजे २९ क्नट. हे ऐकून मूल म्हणतं, असले कसले पैसे? हाच खरा प्रश्न आहे आणि तो आपण घुसवलेला नाही. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या. १ गॅलियनचे ४९३ क्नट होतात आणि ४९३ चे विभाजक फक्त चार: १, १७, २९ आणि ४९३. म्हणजे एक गॅलियन दोघांत सारखा वाटताच येत नाही, अगदी शेवटच्या क्नटपर्यंत सुट्टे केले तरी. तिघांत नाही, चौघांत नाही, पाचांतही नाही. आता याच्या शेजारी हॅरी पॉटरच्या लेखिकेच्या, जे. के. रोलिंगच्या, देशातलं खरं चलन ठेवा. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली. त्याआधी १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. २४० ला तब्बल २० विभाजक आहेत. दोघं, तिघं, चौघं, पाच, सहा, आठ, दहा, बारा, यांतल्या कितीही जणांत वाटा, हिशेब चोख. आपल्याला विचित्र वाटणारी जुनी पद्धत बाजारात उभ्या माणसासाठी किती सोयीची होती, हे मुलांना तिथे दिसतं. मग तासाची ६० मिनिटं का आणि वर्तुळाचे ३६० अंश का, इथपर्यंत मुलं आपली आपण जातात. विभाज्यतेचा धडा एरवी निव्वळ कसोट्यांच्या पाठांतरात संपतो. इथे ती विभाज्यता कुणाच्या तरी खिशात खुळखुळत असते.

याच पुस्तकाच्या शेवटाकडे सात बाटल्यांचं कोडं आहे. चित्रपटात ते नाही, त्यामुळे ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला त्यांना ठाऊक नसतं. हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी दोन आगींच्या मध्ये अडकलेत. समोर ओळीने सात बाटल्या. तीन विषाच्या, दोन साध्या मद्याच्या, एक पुढच्या आगीतून नेणारी, एक मागच्या आगीतून परत नेणारी. सोबत एक कविता आणि तीत चार अटी. मद्याच्या डावीकडे विष असतं. दोन टोकांच्या बाटल्या वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांतली कुठलीच पुढे नेणारी नाही. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या बाटलीत विष नाही. डावीकडून दुसरी आणि उजवीकडून दुसरी, दोन्हींत एकच द्रव. हर्मायनी ते कोडं सोडवते आणि गोष्ट पुढे धावते.

आता मुलांना सोडवायला द्या. सात कागद, सात घरं. अर्ध्या तासाने वर्गात गोंधळ उडतो, कारण उत्तर एक येत नाही. डावीकडे म्हणजे अगदी लगतची बाटली, असं धरलं तर आठ मांडण्या जुळतात. कारण पुस्तकात बाटल्यांची उंची सांगितलेलीच नाही. हर्मायनीच्या डोळ्यांसमोर बाटल्या होत्या, आपल्यासमोर नाहीत. मग कुणीतरी पुन्हा पान उघडतं आणि ओरडतं की परत नेणारी बाटली उजव्या टोकाला असल्याचं पुढे लिहिलंय! ही एक गोष्ट धरली की आठाच्या दोन उरतात. डावीकडून विष, मद्य, मग दोन जागा अनिश्चित, मग विष, मद्य आणि शेवटी परतीची. पुढे नेणारी तिसरी की चौथी, एवढाच प्रश्न राहतो. ती सगळ्यांत लहान होती असं हर्मायनी म्हणते, पण लहान बाटली कितवी ते कुणीच सांगत नाही. इथे थांबावं लागतं.

मला हा तास फार मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक गणितात लागेल तेवढीच माहिती दिलेली असते, ना कमी ना जास्त. त्यामुळे मुलांची पक्की समजूत होते की दिलेल्या माहितीवरून उत्तर निघायलाच हवं. 'एवढ्या माहितीवर उत्तर निघत नाही, आणि ते का निघत नाही हे मी दाखवू शकतो', असं म्हणता येणं हे गणिताच्या शिक्षणातलं मोठं पाऊल आहे. एखादी हुशार मुलगी हेही विचारते की 'डावीकडे' म्हणजे लगेच शेजारी असं आपण कशावरून धरलं? तिथे अट स्पष्ट लिहिणं म्हणजे काय, हा पुढचा तास आपोआप उभा राहतो.

पण या पुस्तकांतला सगळ्यांत सकस प्रश्न विज्ञानाचा आहे, आणि सगळ्यांत जपून हाताळायचाही तोच. जादू आई-वडिलांकडून मुलांकडे येते का? हर्मायनीचे आई-वडील दातांचे डॉक्टर, जादूशी त्यांचा काही संबंध नाही. मग ही जादूगार कशी? २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात काही संशोधकांचं एक पत्र छापून आलं होतं. जादूचं जनुक अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलं तरच त्याचा परिणाम दिसतो, असं मानलं तर मुलांना आनुवंशिकता या पुस्तकांतून शिकवता येईल, अशी त्यांची सूचना होती. वर्गात हे सुंदर चालतं. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे ते जनुक एकेकच असेल आणि स्वतःला जादू येत नसेल, तर जादूगार मूल होण्याची शक्यता १/४. क्रीव्ही बंधू, कॉलिन आणि डेनिस, दोघंही जादूगार आणि त्यांचे वडील घरोघर दूध पोचवणारे. अशा घरात दोन्ही मुलं जादूगार निघण्याची शक्यता १/१६. कुठल्या पालकाकडून कुठलं जनुक येईल याची मुलं चौकट आखतात, खूश होतात.

शिक्षकाने इथेच थांबू नये. आता हॅरीच्या शाळेचा रखवालदार फिल्च आणा. तो स्क्विब, म्हणजे जादूगार घराण्यात जन्मून जादू न येणारा. दोन्ही पालक जादूगार असतील तर नियमाप्रमाणे त्यांच्याकडे दुसरं जनुकच नाही, मग असं मूल होतं कसं? मग वर्ग वाद घालतो. एक पालक मगल, म्हणजे जादूगार नसलेला साधा माणूस, असेल. जनुकात बदल झाला असेल. आपला नियमच चुकीचा असेल. आणि सीमसचं काय, ज्याची आई जादूगार पण वडील मगल? ते वडील वाहकच असले पाहिजेत. मग अशा प्रत्येक लग्नातला मगल नेमका वाहकच कसा निघतो? एखादी कल्पना पुराव्यावर घासून बघायची, ती टिकत नसेल तर सोडून द्यायची, हे विज्ञानाचं खरं काम मुलं एका काल्पनिक जनुकावर करतात. खोट्या जनुकाने खरं विज्ञान कसं शिकणार, असं काही सहकारी विचारतात. माझं म्हणणं असं की इथे उत्तर आधी छापलेलं नसतं, म्हणूनच विचार करावा लागतो.

जपायचं ते पुढे. 'जादू रक्तात असते' हे या पुस्तकांतल्या खलनायकांचंच तर म्हणणं आहे! सातव्या पुस्तकात जादूगारांचं मंत्रालय मगल घरात जन्मलेल्यांची नोंदणी सुरू करतं, त्यांना एकेकाला बोलावून जाब विचारतं की ही छडी कुणाकडून चोरलीस. विज्ञानाच्या शिक्षकाने चौकट आखून तास संपवला आणि पुढे कुणीच काही बोललं नाही, तर आपण मुलांच्या हातात अर्धवट आणि घातक गोष्ट ठेवली असं होतं. त्याच आठवड्यात इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात यायला हवं. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये नाझी जर्मनीत ज्यूंविरुद्धचे न्यूरेम्बर्ग कायदे झाले. कायद्याच्या मागोमाग निघालेल्या हुकमाने ज्यू कोण ते ठरवलं: चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चारही ज्यू असतील तर तो माणूस ज्यू. आणि ते आजी-आजोबा ज्यू हे कशावरून? ते ज्यू धर्मसमुदायात नोंदलेले होते यावरून. बोलणं रक्ताचं आणि पुरावा धर्माच्या नोंदवहीतला. जे मूल कालच जनुकांची चौकट आखून आलंय, त्याला यातली लबाडी शिक्षकाने सांगावी लागत नाही. आणि शुद्ध रक्ताचा डंका पिटणाऱ्या मुख्य खलनायकाचे, व्होल्डेमॉर्टचे, स्वतःचे वडील मगल होते, हे कुणीतरी सांगतंच.

नागरिकशास्त्राला सिरियस ब्लॅक पुरेसा आहे. १२ वर्षं अझ्काबानच्या तुरुंगात, आणि खटला चाललाच नव्हता हे नंतर कळतं. तिसरं पुस्तक वाचताना शेवटापर्यंत आपणही त्याला खुनी मानत असतो. न्याय्य सुनावणीचा हक्क पाठ्यपुस्तकात चार ओळींचा असतो, मुलं परीक्षेत तो बिनचूक लिहितात. इथे मुलांनी स्वतःच एका निरपराध माणसाला मनातल्या मनात शिक्षा सुनावलेली असते. तेव्हा त्यांना विचारा, तू कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवलास? पुरावा काय होता? त्याचं म्हणणं कुणी ऐकलं होतं का?

इतिहासासाठी आणखी एक सोपी जागा म्हणजे पहिल्या पुस्तकातला परीस बनवणारा किमयागार, निकोलस फ्लामेल. हा माणूस खरा होता. पॅरिसमध्ये हस्तलिखितांचा व्यवसाय करायचा, १४१८ मध्ये वारला, आणि त्याने १४०७ मध्ये बांधलेलं घर तिथे अजून उभं आहे. किमयागार म्हणून त्याची ख्याती झाली ती मात्र मृत्यूनंतर फार उशिरा. दंतकथा कशी तयार होते, कुठलं साधन कोणत्या काळातलं, हे शिकवायला याहून चांगलं माणूस सापडणं कठीण. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला सोबत घेतलं तर हेनिग ब्रांडही सांगता येईल. १६६९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये तो परीस शोधत होता आणि लघवी आटवता आटवता त्याला फॉस्फरस सापडला.

ताऱ्यांचं थोडक्यात. सिरियस म्हणजे आपला व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, आणि तो बृहल्लुब्धकात, मोठ्या कुत्र्याच्या तारकासमूहात आहे. हा माणूस काळ्या कुत्र्याचं रूप का घेतो ते मुलं ओळखतात. त्याचा भाऊ रेग्युलस म्हणजे मघा. एका रात्री बाहेर नेऊन दाखवा, बास.

भूगोलाला या पुस्तकांत फारसं काही नाही. ओढूनताणून बसवू नका. भूगोलाच्या शिक्षकाला नकाशाची कादंबरी हवी असेल तर द हॉबिट घ्यावी. त्यातल्या एका नकाशात पूर्व वरच्या बाजूला आहे, आणि नकाशात उत्तर वरच का असते या प्रश्नाला तिथून सुरुवात होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. यातलं काहीही करण्याआधी पुस्तक पूर्ण वाचून झालेलं असलं पाहिजे. मोठ्याने, वर्गात, प्रकरणामागून प्रकरण. पहिल्या पुस्तकात १७ प्रकरणं आहेत. मध्ये प्रश्नपत्रिका नाही, शब्दार्थ नाहीत, 'यातून काय शिकलात' नाही. ज्या मुलाला स्वतः वाचणं जड जातं, त्याच्या कानावर ती गोष्ट इतरांइतकीच पूर्ण पडली पाहिजे, तरच पुढच्या वादात तो बरोबरीने उतरेल. गोष्टीच्या मध्येच थांबून गणित घातलं की गोष्टही जाते आणि गणितही.

अभ्यासक्रम कसा पुरा होणार, ही काळजी रास्त आहे. पण सगळा अभ्यासक्रम एका पुस्तकावर टांगा असं मी म्हणतच नाही. वर्षभरात चार-पाच जागा, जिथे गोष्ट आणि विषय खरोखर भेटतात. बाकी धडे आपापल्या वाटेने शिकवा. आणि या जागांना गुण देऊ नका. घुबडाचं नाव काय, असल्या चाचणीने पुस्तकाची वाट लागते.

एखाद्या मुलाला पुस्तक आवडणारच नाही. त्याला आवडून घ्यायला लावू नका. बाटल्यांचं कोडं अपुरं आहे, स्क्विबचं गणित जुळत नाही, हे शोधायला असं मूल फार उपयोगी पडतं, कारण त्याला पुस्तकाची बाजू घ्यायची नसते.

कुठलं पुस्तक घ्यावं, असं मला विचारतात. हॅरी पॉटरच हवं असं मुळीच नाही. शाळेतल्या निदान तीन शिक्षकांनी जे स्वतः आवडीने वाचलंय, ज्यावर ते मधल्या सुट्टीत आपणहून भांडतील, ते घ्या. त्या तिघांनी एकदा बसून कुठल्या प्रकरणापाशी कुणाला प्रश्न पडला ते लिहून काढावं. यादी तीन-चार ओळींची झाली तरी पुष्कळ. प्रश्न मात्र मुख्याध्यापकांनी वाटून दिलेले नकोत, त्यांचे स्वतःचे असावेत.