आण्णा, टाळ्या पुरे

कालपासून डोकं तापलंय. वहिनीला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही, पण शिव्या नको घालूस." प्रयत्न करते.

काल दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पोरांनी हौसेनं लॉन घेतला होता. केक, शाल-श्रीफळ, पडद्यावर जुने फोटो, सगळं साग्रसंगीत. दोघं तासगावात शाळेला एकाच वर्गात होते, हे आता पाहुण्यांना कौतुकानं सांगायची पद्धत पडलीय. "शाळेपासूनचं आहे बरं का!" म्हणत लोक डोळे मिचकावतात. तेही चालवून घेतलं. मग वहिनीचे थोरले भाऊ, आमचे आण्णा, यांनी माइक घेतला. म्हणाले, "ह्याला मी एकदा एसटी स्टँडवर मुस्काटात ठेवून दिली होती. तवा कुठं हे गडी सरळ झालं आणि आमच्या बहिणीला नीट सांभाळलं!"

सगळा लॉन हसला. टाळ्या पडल्या. पुढं "आजकालच्या पिढीनं आदर्श घ्यावा असं प्रेम" वगैरे वगैरे झालं. दादाही हसला, त्याचा स्वभावच तसला. वहिनी हसली नाही.

आण्णा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचू देत.

त्या दिवशी स्टँडवर मी होते. दादा दहावीच्या परीक्षेनंतर सांगलीला आयटीआयला जायला लागला होता, वायरमनचा ट्रेड. डबा घरी विसरला म्हणून आईनं मला मागनं पिटाळलं. मी पोचले तेव्हा तो सांगलीच्या गाडीजवळ उभा होता आणि वहिनी (तेव्हा कुठली वहिनी, दोन वेण्यांची मुलगी) चार हातांवर तिच्या मैत्रिणींत. एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते. मी डबा दादाच्या हातात दिला आणि तेवढ्यात आण्णा आले. काही विचारपूस नाही, काही नाही. कानाखाली जाळ. डबा उडाला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फरशीवर. अख्खा स्टँड बघत होता. एक माणूस पुढं आला नाही.

आज हा विनोद आहे म्हणे.

हे वाचणारे तुम्ही सगळे माझ्यासारखाच विचार करणारे आहात म्हणून तुम्हाला वेगळं समजावून सांगत बसत नाही. पण मला एक कळत नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला टाळ्या वाजवणारे हेच हात सोळाव्या वर्षी मुस्काटात मारायला का उठतात? द्राक्षाच्या खरड छाटणीला एप्रिलच्या उन्हात बागेत कुणी फिरकत नाही, आणि फेब्रुवारीत घड गोड झाले की मोटारी घेऊन पाहुणे हजर. तसंच आहे हे. मधली वर्षं यांना कुणालाच नको असतात.

मधली वर्षं मी बघितलीत. सांगते.

१९९२ ची त्यांची दहावी. वहिनी वर्गात पहिल्या पाचात, दादाचं इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला सुटलं, तेही वहिनीनं काढून दिलेल्या नोट्सवर. त्या नोट्स माझ्या दप्तरातून यायच्या, अपेक्षित प्रश्नसंचात घालून. मी त्यांच्या दोन वर्गं मागं, त्यामुळं कुणाला संशय यायचा नाही. नोट्सबरोबर चिठ्ठ्याही असायच्या, हो. मी उघडून वाचायचे, तेही हो. त्यात काय असायचं माहितीय? "टेन्सचा तक्ता पाठ झाला का." "आईला ताप आहे, उद्या येणार नाही." यावरनं आण्णांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

भेटायचे म्हणाल तर वर्षातनं एकदा, धडपणे. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावच्या रथाला. रथाचे दोर ओढायला इतकी गर्दी की कोण कुणाशेजारी उभं आहे हे बघायला कुणाला फुरसत नसते, आणि गुलालात सगळे सारखेच दिसतात. आमच्या गावातल्या कितीतरी जोड्यांवर त्या गणपतीचे उपकार आहेत. गावातले जाणकार हसतील आत्ता.

मग तिचं बारावी, डी.एड. त्याची कंत्राटी कामं, खांबावर चढायची. पुढं वहिनी शिक्षणसेवक म्हणून लागली, ३,००० रुपये मानधनावर. दहावी ते लग्न यात आठ वर्षं गेली. पळून गेले नाहीत, विष घेतलं नाही, हाताच्या शिरा कापल्या नाहीत. वाट बघितली. याच्यावर कुणी भाषण केलं नाही काल.

जात वेगळी होती. कोणाची कोणती ते सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. विचारलंत तर ब्लॉक करीन.

म्हणून लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, सांगलीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लोकांना दिसेल अशी लागते, आणि ३० दिवस कुणाची हरकत येते का याची वाट बघायची. मग तीन साक्षीदार घेऊन सह्या. कागदावर फार सभ्य वाटतं. प्रत्यक्षात तो एक महिना म्हणजे नातेवाइकांना दिलेली सवलत असते, या आणि पोरीला उचलून न्या. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं की ही नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर असावं. आमच्या वेळी कुठली मर्जी. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी बोर्डावरची नावं वाचली आणि आण्णा जीपमधून चार जणांना घेऊन आमच्या दारात. वहिनी मिरजेला मावशीकडं होती. मावशी दवाखान्यात नर्स. तिनं महिनाभर या पोरीला रात्रपाळीलासुद्धा बरोबर नेलं, एकटं सोडलं नाही. साक्षीदारांत पहिली सही तिचीच. या सगळ्यात एक मोठं माणूस, एकच, नीट वागलं. काल तिचं नाव स्टेजवरून घेतलं का कुणी? नाही. ती मागच्या खुर्चीवर बसून आइस्क्रीम खात होती.

बरं, आता कुणीतरी लिहिणारच, "ताई, शाळेतली सगळी प्रेमं टिकत नाहीत." नाही टिकत. माझंही नाही टिकलं आणि देवाची कृपा की नाही टिकलं, गेल्या महिन्यात दिसला होता तो. माझं लग्न पाहून-सवरून झालंय आणि बरं चाललंय (हे वाचतात म्हणून लिहीत नाही). आणि सतराव्या वर्षी पळून गेलेल्या पोरींचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत, त्याची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. मुलगी १८, मुलगा २१, ते बरोबरच आहे. पण प्रेम म्हणजे लगेच लग्न, हे तुमच्या डोक्यात असतं, पोरांच्या नाही! त्यांना टेन्सचा तक्ता द्यायचा असतो.

दादा-वहिनीचं टिकलं ते "खरं प्रेम" होतं म्हणून, असं काल स्टेजवर सगळे बोलत होते. मी त्यांच्या घरात लहानाची मोठी झाल्यासारखी आहे, मला विचारा. दादा काही संत नाही. एकदा भिशीत पैसे घालवून बसला आणि महिनोन् महिने दडवून ठेवलं. वहिनीनं एका संध्याकाळी नुसतं बघितलं आणि म्हणाली, "इतिहासाच्या सरांपुढं गृहपाठाची वही घरी राहिली म्हणून सांगताना पण तू असाच कान खाजवत होतास. किती गेले?" संपला विषय. म्हणजे संपला नाही, पावसाळाभर दोघं दोन खोल्यांच्या घरात एकमेकांशी बोलत नव्हते, निरोप माझ्या भाच्यांतर्फे चालायचे. पण खोटं तिथं संपलं. आमच्यासारखी ठरवून लग्न झालेली माणसं पहिली पाच वर्षं एकमेकांना चांगली बाजू दाखवण्यात घालवतो. यांनी एकमेकांना नापास होताना, फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं राहताना, मुस्काटात खाताना बघितलेलं. दाखवायला काही शिल्लकच नव्हतं.

त्या स्टँडवर पुढं काय झालं ते आण्णा काल सांगायचं विसरले. मी सांगते. दादा गाल धरून उभा. मी रडायला लागलेली. आणि ती दोन वेण्यांची मुलगी मैत्रिणींतनं निघून आली, सगळ्यांसमोर खाली बसली, भाकरी गोळा केली, डब्यात घातली, झाकण लावलं आणि दादाच्या हातात दिली. मग आण्णांना म्हणाली, "झालं का? माझी गाडी सुटेल." आणि गाडीत जाऊन बसली. कंडक्टरनं दोघं चढेपर्यंत घंटी मारली नाही. ती पुढं, दादा मागं. सांगलीपर्यंत एक शब्द नाही. ती भाकरी दादानं आयटीआयच्या कट्ट्यावर माती झटकून खाल्ली.

या प्रसंगानं जर कुणी "सरळ" झालं असेल तर ते तिच्यामुळं. तुमच्या हातामुळं नाही.

वहिनीच्या वडलांचं मात्र मला आताशा वाईट वाटतं. लग्नानंतर ते कधी आले नाहीत. २००९ ला गेले. आधी मला त्यांचा भयंकर राग होता. पण वहिनीच्या शाळेतल्या एका बाईंना ते बाजारात गाठून विचारायचे म्हणे, पगार वेळेवर होतो का तिचा. आत येऊन विचारायची छाती नव्हती, भावकीत बसायचं होतं ना. अशी माणसं बघितली की राग टिकत नाही, टिकवायचा म्हटलं तरी.

आण्णांवरचा टिकतो. कारण वडील गेल्यावर आण्णा पहिल्यांदा बहिणीच्या दारात आले ते हक्कसोडपत्राचा कागद घेऊन. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा दिलाय, तो सोडल्याची सही हवी होती. वहिनीनं चहा केला आणि सही केली. तेव्हापासून येणं-जाणं सुरू. तेव्हापासून "आमचे दाजी". शिव्या घालायच्या नाहीत असं ठरलंय, म्हणून इथं थांबते.

आता खरं कारण. हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. कार्यक्रमात जेवताना कळलं की आण्णांनी पंधरा दिवसांपासून स्वतःच्या मुलीचा क्लास बंद केलाय. दहावीला आहे. वर्गातल्या एका मुलाबरोबर वडापावच्या गाड्यावर कुणी बघितलं. फोन काढून घेतला, आणि त्या पोराच्या बापाला जाऊन सांगून आले, "पोक्सो लावीन."

तो कायदा २०१२ साली झाला तो लहान पोरांना ओरबाडणाऱ्या नराधमांसाठी, आणि हवाच तो, त्याबद्दल दुमत नाही. पण १८ च्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, हे कळलं की बाप लोकांना तो हातातली काठी वाटायला लागतो. वडापाव खाल्ल्याबद्दल गुन्हा लागत नाही हे त्या पोराच्या बापाला कोण सांगणार? तो घाबरलाय. १९९२ ला मुस्काटात होती, आता ही धमकी. तेवढीच प्रगती.

आणि याच माणसाचं स्टेटस बघा. आमच्याकडं कोल्हापूरच्या वाऱ्यानं फुटबॉल सगळ्यांच्या अंगात, त्यामुळं आण्णा मेस्सीचे भक्त. २०२२ चा वर्ल्डकप जिंकल्यावर मैदानात बायको-पोरांबरोबर बसलेला मेस्सी यांनी आठवडाभर ठेवला होता, खाली "बचपन का प्यार" आणि हृदयं. अहो, आंतोनेला ही मेस्सीच्या बालमित्राच्या नात्यातली बहीण. रोझारिओत लहानपणी ओळख झाली, तो तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, आणि २०१७ ला परत रोझारिओतच लग्न केलं. तिकडं मित्राच्या बहिणीशी बोलला म्हणून स्टँडवर कुणी ठेवून दिली असती तर तुमचं स्टेटस रिकामं राहिलं असतं. लांब कशाला, आपला अजिंक्य रहाणे. त्याची आणि राधिकाची लहानपणापासूनची ओळख, २०१४ ला लग्न. तेही तुम्हाला गोड वाटतं. रोझारिओतलं गोड, मुंबईतलं गोड, तासगावातलं फक्त पंचवीस वर्षांनी गोड.

त्या पोरीचं आणि त्या मुलाचं पुढं काही होईल असं मी म्हणत नाही. बहुतेक नाहीच होणार. बारावीपर्यंत एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. त्यात काय बिघडलं? कुणाबरोबर तरी वडापाव खाताना हसून बोलता येतं, एवढं तरी शिकतील.

आण्णा, क्लास सोमवारपासून सुरू करा. गणित कच्चं आहे तिचं आणि बोर्डाची परीक्षा तुमच्या इभ्रतीसाठी थांबणार नाही. फोन नका देऊ हवं तर. पण तिच्या आत्याला तिच्याशी बोलू द्या. वहिनी सकाळपासून फोन लावतेय आणि तुम्ही उचलत नाही आहात. म्हणून ती आज संध्याकाळच्या गाडीनं तासगावला येतेय. दादा पण बरोबर आहे. चहा त्याला बिनसाखरेचा लागतो, डॉक्टरांनी सांगितलंय.