फ्रँकी नकल्सनं भैरवी चोरली म्हणे!

काल रात्री साडेअकराला मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, "घे, तुझा तो फ्रँकी!" कॉलेजात माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं, ते मामा अजून विसरलेले नाहीत. मजकूर थोडक्यात असा: हाऊस म्युझिकचा, म्हणजे क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा, शोध मुंबईत १९८२ साली सिनेसंगीतातले वादक चरणजीत सिंग यांनी लावला. शिकागोच्या फ्रँकी नकल्स नावाच्या डीजेनं त्यांची रेकॉर्ड चोरून जगभर नाव कमावलं. 'हाऊस' हा शब्द आपल्या घरगुती बैठकीवरून आलाय. आणि डीजे म्हणजे दुसऱ्याची गाणी लावणारा, त्याला ग्रॅमी कशाला? शेवटी तिरंगा आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

चोरीचं आधी बघू, कारण तोच भाग चीड आणणारा आहे.

फ्रँकी न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा, जन्म १९५५ चा. न्यूयॉर्कमधल्याच काँटिनेंटल बाथ्स या स्नानगृह-क्लबात तो मित्र लॅरी लेव्हानसोबत रेकॉर्ड लावायला शिकला. १९७७ मध्ये तो शिकागोला 'वेअरहाऊस' क्लबात आला आणि १९८२ मध्ये तिथून बाहेरही पडला. म्हणजे मुंबईची रेकॉर्ड निघाली तेव्हा ज्या पाच वर्षांमुळे त्याचं नाव झालं, ती संपत आली होती. चोर आधी आला आणि माल मागून, असं झालं की हे!

त्याच्या कानात काय होतं हेही लपलेलं नाही. फिलाडेल्फियाच्या सोल संगीतातली व्हायोलिनं, सालसोल कंपनीच्या डिस्को रेकॉर्ड, चर्चमधलं गॉस्पेल, युरोपातले सिंथेसायझर. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोटानं उडवला गेला. डिस्को ऐकणं लाजिरवाणं ठरू लागलं, नव्या रेकॉर्ड आटल्या. तेव्हा फ्रँकी जुनीच गाणी टेपवर कापून-जोडून लांबवू लागला, पुढे त्याखाली ड्रम मशीनचा ठेका घालू लागला. वेअरहाऊसमध्ये नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी पुष्कळ. बाहेर ज्यांना कुणी नीट उभं करत नव्हतं, त्यांनी उभं केलेलं हे संगीत. ते आपण तिरंग्याची इमोजी लावून आपल्या नावावर करायचं?

आता एक कबूल करतो, नाइलाजानं. चरणजीत सिंग यांची ती रेकॉर्ड खरंच थक्क करते. दहा राग, भैरवी, तोडी, यमन, मालकंस वगैरे, आणि साथीला रोलँड कंपनीची दोन यंत्रं: बेसचे स्वर काढणारं टीबी-३०३ आणि ड्रमचा ठेका देणारं टीआर-८०८. शिकागोच्या फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ ची, तीही ३०३ वरच. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर अंगावर काटा येतो. पण 'ॲसिड ट्रॅक्स' ज्यातली, ते ॲसिड हाऊस ही हाऊसची पुढची फांदी. फॉरवर्डवाल्यानं फांदीला खोड म्हटलंय. आणि साम्याचं कारण यंत्रातच आहे. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय असते. आपल्या माणसाला त्यात मींड सापडली. शिकागोच्या पोरांना ते बंद पडलेलं मॉडेल जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं, त्यांनी बटणं पिळून किंचाळ्या काढल्या. मुंबईची रेकॉर्ड तेव्हा शिकागोत कुणी ऐकल्याचा पुरावा कुणीही दिलेला नाही. ती इथेच फारशी खपली नव्हती. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळली.

सगळ्यात मोठा साक्षीदार खुद्द चरणजीत सिंग. २०११ मध्ये गार्डियन या ब्रिटिश दैनिकाला त्यांनी साधं सांगितलं: तेव्हा सिनेमात डिस्कोची चलती होती, म्हटलं रागांना डिस्कोचा ठेका देऊ आणि तबला बंद करू. रेकॉर्डच्या नावातही 'डिस्को बीट' असंच छापलंय. ज्या डिस्कोतून फ्रँकी आला, त्याच डिस्कोतून तेही आले. शोध लावल्याचा दावा त्यांचा नाही, फॉरवर्डवाल्याचा आहे.

बैठकीबद्दल काय बोलणार? वेअरहाऊस, त्यातलं 'हाऊस'. झालं.

राहिला ग्रॅमी. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते, म्हणून मामांना दोष देत नाही. पण १९९८ मध्ये फ्रँकीला मिळालेलं ग्रॅमी रीमिक्सचं होतं आणि त्या विभागातलं ते पहिलंच. रीमिक्समध्ये गायकाचा आवाज ठेवून खालचं सगळं नव्यानं बांधतात. वरून, 'द व्हिसल साँग' हे गाणं तर त्यानं एरिक कपरसोबत स्वतःच रचलेलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, सोबत तो यमनही. तासाभरानं मामांचं उत्तर आलं: "ऐकलं. पण तबला कशाला बंद केला?"