श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ऑफर छापत नाही

नमस्कार साहेब,

'ऐन सणात फ्लेक्स छापायला नकार दिला, धंदा करायची अक्कल नाही' असं लिहून आपण एक स्टार दिलात. नकार मी दिला हे खरं. का दिला, ते रिव्ह्यूत आलेलं नाही, म्हणून लिहितो.

9 ऑक्टोबर 2024 च्या रात्री रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी राज्यात दुखवटा होता, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात अंत्यदर्शनाला लोक रांगेत उभे होते आणि आपण 10 बाय 6 चा फ्लेक्स टाकायला आलात. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', कोपऱ्यात टाटांचा फोटो, बाकी सगळा वॉशिंग मशीन, फ्रिज, दसऱ्याची एक्स्चेंज ऑफर आणि शोरूमचा नंबर. डिझायनरने प्रूफ दाखवलं तर म्हणालात, 'फोटो अजून लहान करा, ऑफर दिसत नाही.' तिथे मी काम थांबवलं.

खाली दुकानाचं नाव घालायला माझी हरकत नव्हतीच. दुःख कोणाला झालंय ते लोकांना कळू दे की. पण नंबर आणि सवलत आली की बघणाऱ्याला वाटतं, टाटांचं या दुकानाशी काहीतरी नातं असणार. डिसेंबर 2023 मध्ये त्यांच्या नावाने गुंतवणुकीचा बनावट व्हिडिओ फिरला, तेव्हा हा खोटा आहे असं त्यांनी स्वतः इन्स्टाग्रामवर सांगितलं. आता कोण सांगणार? म्हणून छापणाऱ्यानेच विचार करायचा. आणि माणूस कोण तेही बघा! परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली टाटांच्या ट्रस्टने उभं केलं, आपल्या भागातले कितीतरी पेशंट तिथे जाऊन आलेत. त्या घराण्यातल्या माणसाच्या फोटोखाली 'स्टॉक संपेपर्यंत' मला बघवेना.

'मोठ्या कंपन्याही लोगो लावून पोस्ट टाकतात' असं आपण म्हणालात. टाकतात, आणि त्यात माल विकायला काढला असेल तर मला तेही तितकंच खटकतं.

दोन वेगळे फ्लेक्स करू, श्रद्धांजलीचे पैसे घेणार नाही, असं मी तेव्हाच सुचवलं होतं. आपण नको म्हणालात. ॲडव्हान्स लगेच परत दिला. ऑफरचं डिझाइन सेव्ह करून ठेवलंय, दिवाळीला हवं असेल तर फोन करा, फक्त छपाईचे पैसे घेऊ.