गिळायची नाही हो, चघळायची!

आज संध्याकाळी फोंड्यात एका फार्मसीत जे झालं त्याने डोकं अजून तापलेलंय. आईला दुपारपासून शिंका, नाकाला धार, म्हणून भर पावसात स्कूटर काढली, झिंकच्या चघळायच्या गोळ्या आहेत का विचारलं, तर काउंटरवरच्या मुलाने व्हिटॅमिन सी आणि झिंकची कॅप्सूल पुढे केली, "पाण्याबरोबर घ्या, तेंच तें." वर न मागता अँटिबायोटिकची पट्टी!

अरे तेच ते कसं? सर्दीचा व्हायरस नाकाघशात बसलेला असतो, पोटात नाही. झिंक तिथेच हळूहळू विरघळायला हवं. आणि व्हायरसला अँटिबायोटिक कशाला??

गेल्या चवथीलाही आईला ऐन आदल्या दिवशी सर्दी झालेली, आवाज बसत चाललेला. लंडनहून आलेल्या मावसभावाने बॅगेतून झिंक अ‍ॅसिटेटच्या गोळ्या काढल्या, "मावशी, जागी असशील तोवर दर दोन तासांनी एक, चावायची नाही." आईला ती चव अजिबात सोसेना, जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं वाटतं म्हणाली, पातोळ्या खाल्ल्या त्यांचीही चव लागेना तिला. पण एरवी आठवडाभर आडवी पडणारी आई तिसऱ्या रात्री घुमट आरतीला उभी होती, खणखणीत आवाजात!

हे काय आजचं खूळ नाही. १९७९ साली टेक्सासमध्ये जॉर्ज एबी यांच्या ३ वर्षांच्या मुलीने, ल्युकेमिया झालेली बिचारी, झिंकची गोळी गिळायला नको म्हणून तोंडातच धरून ठेवली आणि काही तासांत तिची सर्दी पळाली. त्यावरून एबींनी ट्रायल केली, १९८४ साली छापून आली. एका पोरीने गोळी गिळली नाही म्हणून हे कळलं, आणि आपण अजून गिळतोच आहोत.

बरं, फिनलंडच्या २०२० च्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही, मान्य. मळमळतं, तेही मान्य. पण सायट्रिक अ‍ॅसिड घातलेल्या आंबटगोड गोळ्यांत झिंक बांधलंच जातं, मोकळं सुटत नाही, त्या चघळून लोक म्हणतात गुण नाही आला. नाकात मारायचं झिंक मात्र कोणी घेऊ नका, वास जातो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्येच बजावलंय.

त्या मुलाशी मी चढ्या आवाजात बोललो, ते नको होतं. विशीतला पोर, सकाळपासून उभा, त्याला तरी कोणी सांगितलंय?

घरी येऊन कपाट उचकलं तर गेल्या वर्षीच्या पाकिटात ११ गोळ्या निघाल्या, तारीख आहे अजून. आई सोप्यावर शाल घेऊन बसलीय, गालात गोळी, तोंड वाकडं. पावणेआठला पहिली दिली, पावणेदहाला दुसरी.