पालथे धंदे

कंबरेत उसण भरली की लोक "कशी आहे कंबर?" असं विचारत नाहीत. "काय उचललंत?" असं विचारतात. उत्तर जितकं जड, तितकी सहानुभूती. मी मोजा उचलला होता. एकच, तोही नातवाचा. सोसायटीत खरं सांगून पाहिलं, तर समोरच्या बिऱ्हाडातले काका "वय झालं" एवढंच म्हणाले आणि आत गेले. ते स्वतः पंचाहत्तरीचे असून रोज पर्वती चढतात. मग मोज्याची मी पाण्याची बादली केली आणि दवाखाना गाठेपर्यंत बादलीचा गॅस सिलिंडर झाला.

दवाखाना कोथरूडला, कर्वे रस्त्यावरून आत वळल्यावर. मान, कंबर आणि गुडघे दुरुस्त करणारी ही जागा पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढून येईल तोच पेशंट घ्यायचा, म्हणजे निम्मं यश पदरात. पाटीवर ऑस्टिओपॅथी (म्हणजे हातांनी दाबून-वळवून करायचे उपचार), फिजिओथेरपी आणि मसाज, त्याखाली, या तिन्हींपेक्षा ठळक, "चपला बाहेर काढाव्यात."

काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म दिला. दुखणं ० ते १० मध्ये किती? आकड्यांवर चेहरे काढलेले, शून्याचा हसरा, दहाचा डोळ्यांत पाणी आणलेला.

"आठला किती घेता?" मी विचारलं.

"काका, फी सगळ्यांना सारखीच आहे."

मग मी नऊवर खूण केली. कमी कशाला सांगायचं?

ऑस्टिओपॅथ सरांनी आधी बसवून माहिती घेतली. आठवीत सायकलवरून पडलो होतो का, दाढ काढली आहे का, कोणत्या कुशीवर झोपतो. मुलीचं स्थळ बघतानाही आमच्याकडे एवढी चौकशी झाली नव्हती. मग तो प्रश्न आलाच.

"सिलिंडर," मी म्हणालो.

"भरलेला की रिकामा?"

"भरलेला."

"म्हणजे १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन. तीसच्या आसपास. एकट्याने?"

"मुलगा होता जोडीला."

"मग त्याची कंबर कशी आहे?"

त्यांनी काही न बोलता कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझा डावा घोटा हातात घेतला. कंबर वर आहे, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर शरीर एकसंध असतं, असं म्हणत त्यांनी पाय धरूनच इतिहास सुरू केला. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७४ साली हे शास्त्र मांडलं. तिकडे या शाखेचे डॉक्टर औषधं लिहितात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये मात्र ते हातांनीच उपचार करतात आणि १९९३ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कुणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवू शकत नाही. आपला पाय दुसऱ्याच्या हातात असला की माणूस फार चांगला श्रोता होतो.

नंतर टेबलावर पालथं. या टेबलाला तोंडाच्या जागी भोक असतं. त्यात चेहरा घातला की जग म्हणजे दोन फरश्या, आणि त्या फरश्यांवर येऊन उभे राहणारे पाय. चपला बाहेर, त्यामुळे लपवायला जागा नाही. सरांचे मोजे राखाडी, उजव्याला अंगठ्याशी भोक. एवढा विद्वान माणूस, पण अंगठा बाहेर डोकावत होता. ते मानेच्या मणक्यांबद्दल गंभीरपणे बोलत होते आणि मी अंगठ्याशी बोलत होतो.

"सैल सोडा," अंगठा म्हणाला.

आता हे अवघड. मराठी मध्यमवर्गीय माणसाला अंग सैल सोडायची सवय नसते; आमच्याकडे सैल सुटलेल्या मुलांची उदाहरणं देत असत. मी जितका सैल सोडायचा प्रयत्न करी, तितका नेटाने घट्ट होई. शेवटी सरांनी कुशीवर वळवलं, "नातवंडं किती?" असं विचारलं आणि मी मोजत असताना कंबर पिळली. कडाड्! मी तर मृत्युपत्राचा विचार करू लागलो.

"हाड नाही वाजलं. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा आवाज."

"म्हणजे गॅसच?"

"हो. सिलिंडरचा नव्हे."

दुसरे पाय फिजिओ मॅडमचे. नखांना जांभळा रंग, आणि चवड्यांवर सारखं उडतं उभं राहणं. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, मला काका म्हणतात आणि चिमुरड्या पोराला रागवावं तशा रागवतात. आवाजाची भीती वाटते म्हटल्यावर त्यांनी डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही. त्याबद्दल त्यांना २००९ साली इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. "तुम्हाला तर मी रोज दहाच मिनिटं व्यायाम सांगितलाय, काका." साठ वर्षांपुढे दहा मिनिटांना नाही म्हणणं कठीण गेलं. तरी म्हटलं.

तिसरे पाय मसाजवाल्या वस्तादांचे. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत मेहनत केलेले. पायाची बोटं फाकलेली, प्रत्येक बोट स्वतंत्र संस्थानासारखं. चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. त्यामुळे परवा मंडईत एक धिप्पाड माणूस "काय सर, कंबर काय म्हणतीया?" म्हणाला, तेव्हा मी आधी खाली बघितलं आणि मग नमस्कार केला.

वस्ताद कोमट तिळाचं तेल ओततात आणि मग कोपर लावतात. "सैल सोडा की सर, कशापायी धरून ठेवलंय?" त्यांना या बाकीच्या शास्त्रांचं कौतुक बेताचंच. "आमच्या गावात एक पायाळू म्हातारी हुती, जन्मताना पाय आधी आलेली. उसण भरली की माणूस तिच्या दारात. कंबरंत एक लाथ बसली की सरळ हुऊन घरला."

"माझी आत्या पायाळू आहे," मी भोकातून म्हणालो.

कोपर थांबलं. शेजारच्या पडद्याखालून राखाडी मोजे दोन पावलं पुढे सरकले.

आत्या सदाशिव पेठेत असते. लहानपणी ढग गडगडले की तिला घरात कोंडत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. आणि एका काकांनी तिला गुप्तधन शोधायला परसात फिरवलं होतं, त्यात विळा सापडला. पुढे अर्ध्या पेठेने तिच्या लाथा खाल्ल्या, त्यात दोन मुख्याध्यापक. गुडघे बदलल्यापासून मात्र तिने बंद केलंय. "पाय माझे, पण गुडघे कंपनीचे. गुण उतरतो की नाही, कोण सांगणार?"

हे सगळं मी सांगितलं. वस्ताद हळहळले. राखाडी मोजे तिथेच उभे होते, आणि आता नीट बघितल्यावर लक्षात आलं की सगळा भार डाव्या पायावर आहे. उजवा नुसता टेकलेला. सकाळी एका भल्या दांडग्या पेशंटला त्यांनी एकट्याने वळवलं होतं म्हणे.

"आत्याबाई साधारण किती वाजता भेटतात?" अंगठ्याने हळू आवाजात विचारलं. "सहज. परंपरेचा अभ्यास म्हणून."

मी पडल्या पडल्या फोन लावला. आत्याने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरचं वजन विचारलं आणि म्हणाली, "पाठवून दे. पण आधीच सांगून ठेव, लाथ बसताना अंग सैल सोडायचं."